मॉयसनं सूड घेतला म्हणणाऱ्या सांगली-मिरजेच्या युनायटेडवाल्यांना खुलं पत्र (नोव्हेंबर २०२५)

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर आणि अल्याडपल्याडच्या तमाम युनायटेडवाल्यांनो, नमस्कार.

आपली मँचेस्टर युनायटेड घरच्या ग्राउंडवर एव्हर्टनकडनं एक-शून्यनं हरली, आणि एव्हर्टनचा मॅनेजर कोण, तर डेव्हिड मॉयस, ज्याला आपण २०१४ ला मॅनेजरच्या खुर्चीवरनं काढलं होतं. मंगळवार सकाळपासून ऐकतोय मी. विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर तेच, मिरजेत स्टेशनबाहेर तेच, टर्फवर खेळायला गेलो तर वॉर्मअप बाजूला आणि तेच. मॉयसनं सूड घेतला बघ. मॉयसला काढायलाच नको होतं. की लगेच दुसरीकडनं, ए गप ए, त्यानंच आपली वाट लावलीय, त्याचं कसलं कौतुक करायलायस. काल दोघं जण ह्याच्यावरनं इतके तापले की शेवटी मॉयस राहिला बाजूला आणि विषय एकमेकांच्या शाळेपर्यंत गेला. तोंडानं सांगायला गेलं की तुम्ही मधेच तोडता, म्हणून लिहायला बसलोय, आता शेवटपर्यंत वाचा.

आधी मॅचमध्ये काय झालं ते नीट बघू, कारण भांडणाऱ्यातल्या निम्म्या लोकांनी नुसते हायलाईट्स बघितलेत. त्यांना दोष नाही देत, सोमवारची रात्र म्हणजे आपल्याकडं मंगळवारची पहाट, दीडला किकऑफ, साडेतीनला संपणार, आणि सकाळी ज्याला मार्केट यार्डात नाहीतर एमआयडीसीत हजर व्हायचंय तो माणूस झोपणारच. तर २४ नोव्हेंबर २०२५, ओल्ड ट्रॅफर्ड. दहाव्या मिनिटाला एव्हर्टनचा कॅप्टन कोलमन दुखापत होऊन बाहेर. तेराव्या मिनिटाला त्यांचा इद्रिसा गेये आणि मायकेल कीन, दोघं एकाच टीमचे, दोघांची जुंपली आणि गेयेनं कीनला कानाखाली दिली. स्वतःच्या सेंटरबॅकला! रेफ्रीनं डायरेक्ट रेड काढलं, गेये बाहेर जायला तयार नाही, गोलकीपर पिकफर्ड त्याला धरून मागं ढकलतोय, हे सगळं आपण डोळे चोळत बघितलं. असलं ह्याआधी प्रीमिअर लीगमध्ये झालं होतं ते २००८ च्या डिसेंबरात, स्टोकच्या रिकार्डो फुलरनं आपल्याच कॅप्टनला थोबाडीत मारली होती तेव्हा. म्हणजे एव्हर्टनचा कॅप्टन गेला, मिडफिल्डर गेला, आणि मॅचला अजून पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आमच्यातला एक जण तर म्हणाला, आता पाच-शून्य होतंय, मी झोपतो.

मग २९ व्या मिनिटाला त्यांचा ड्यूसबरी-हॉल आला, आपल्या ब्रूनोला चकवला, योरोला चकवला आणि बॉक्सच्या बाहेरनं असा वळवून मारला की आपल्या गोलकीपरचा, लॅमेन्सचा हात लागूनसुद्धा बॉल जाळीत. एक-शून्य. त्यानंतर तासभर अकरा विरुद्ध दहा, घरचं ग्राउंड, सत्तर हजारावर पब्लिक आपल्या बाजूनं, आणि गोल एकही नाही. वीसच्या वर शॉट मारले आपण, पण त्यातले पिकफर्डला खरंच उडी मारायला लावणारे किती होते ते आठवून बघा. आपल्या झर्कझीचा शेवटचा हेडर सोडला तर मला तरी पटकन आठवत नाही. १९९२ ला प्रीमिअर लीग सुरू झाल्यापासून ओल्ड ट्रॅफर्डवर समोरच्या टीमचा माणूस रेड कार्डनं बाहेर गेलाय आणि तरी आपण हरलोय असं एकदाही झालं नव्हतं. फर्ग्युसन मॅनेजर असताना नाही, व्हॅन गालच्या कंटाळवाण्या काळात नाही, गेल्या सीझनला पंधरावे आलो तेव्हासुद्धा नाही. ते ह्या सोमवारी झालं.

आणि एवढं घडून गेल्यावर आपण बोलतोय काय, तर सूड.

अरे, सूडच घ्यायचा असता तर त्यानं तो आधीच घेतलाय की. वेस्ट हॅमला असताना २०२१ च्या सप्टेंबरात लीग कपला ह्याच ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन एक-शून्यनं हरवून गेला. २०२३ च्या मे मध्ये परत एक-शून्य, बेनरहमाचा साधा शॉट आपल्या गोलकीपरच्या, डे हेयाच्या हातातनं निसटला ती मॅच. त्याच वर्षी डिसेंबरात दोन-शून्य, बोवेन आणि कुडूस. तेव्हा कोण म्हणालं होतं का सूड? तेव्हा म्हणत होतो आपल्या मॅनेजरला काढा, आधी सोल्शारला, मग टेन हागला. म्हणजे हरलो की समोर जे दिसेल त्याच्यावर खापर फोडायचं, यंदा समोर मॉयस दिसला एवढंच.

आता जी गोष्ट खरंच मजेशीर आहे ती कोणी बोलतच नाही. एव्हर्टन ओल्ड ट्रॅफर्डला लीगमध्ये १९९२ च्या ऑगस्टमध्ये जिंकलं होतं. त्यानंतर थेट ४ डिसेंबर २०१३ ला, ओव्हिएडोच्या गोलवर. आणि त्यानंतर आत्ता. तेहतीस वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा मॉयस हजर, एकदा आपल्या डगआऊटमध्ये, एकदा त्यांच्या. २००२ ते २०१३ तो एव्हर्टनला होता, तेवढ्या सगळ्या वर्षांत त्याला ओल्ड ट्रॅफर्डला लीगची मॅच एकदाही जिंकता आली नव्हती. फार तर ती चार-चार, एप्रिल २०१२ ची, आपण चार-दोननं पुढं होतो, शेवटच्या सात-आठ मिनिटांत दोन गोल खाल्ले, आणि पुढं लीग मँचेस्टर सिटीनं गोलफरकावर नेली. जुन्या मंडळींना ती जखम आठवत असेलच. आणि त्याची आपल्याकडची नोकरी गेली तीसुद्धा गुडिसन पार्कवर एव्हर्टनकडून दोन-शून्य हरल्यावर, २० एप्रिल २०१४ ला मॅच, २२ ला हकालपट्टी. सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत खेळ खलास. ह्या माणसाचं आणि ह्या दोन क्लबांचं असलं काहीतरी विचित्र गणित आहे की टीव्हीच्या सिरियलवाल्यानं लिहिलं तर आपण म्हणू, कायपण दाखवतात.

पण गणित मजेशीर आहे म्हणून त्यातनं कारण निघत नाही. कारण बघायचं असेल तर मी एक वेगळी मॅच सांगतो.

९ फेब्रुवारी २०१४. ओल्ड ट्रॅफर्ड. समोर फुलहॅम, टेबलच्या तळाला, आणि ते त्या सीझनला खालच्या लीगमध्ये गेलेसुद्धा. मॅनेजर आपला, मॉयस. फुलहॅमवाले सगळे बॉक्समध्ये येऊन उभे राहिले आणि आपण ऐंशीच्या वर क्रॉस टाकले. ऐंशी! उजवीकडनं टाक, डावीकडनं टाक, त्यांचे उंच सेंटरबॅक हेड मारून बाहेर काढणार, परत उचल परत टाक. मॅच दोन-दोन, डॅरेन बेंटनं इंज्युरी टाईममध्ये बरोबरी केली. आणि फुलहॅमच्या डगआऊटमध्ये कोण होतं माहितीय का? रेने म्यूलेनस्टीन. फर्ग्युसनच्या हाताखालचा आपला कोच, मॉयस आल्यावर जो क्लब सोडून गेला तोच. म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डला कोणता रस्ता बंद केला की पुढचं काही सुचत नाही हे आतल्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानं तेवढंच केलं.

आता सोमवारची मॅच परत डोळ्यासमोर आणा. आपल्या डोर्गूनं टाकला, त्यांच्या टार्कोव्हस्कीनं हेड मारला. अमादनं टाकला, कीननं हेड मारला, तोच कीन ज्यानं तेराव्या मिनिटाला थोबाडीत खाल्ली होती. ब्रूनोनं लांबनं उचलून टाकला, परत टार्कोव्हस्की. बंद दुकानाच्या शटरवर थापा मारत बसल्यासारखं, आत कोणी नाही, आपण आपलं वाजवतोय. मधनं वन-टू करून, एखाद्यानं आत घुसून, बॉल गोललाईनपर्यंत नेऊन मागं कट करणं, असलं किती वेळा झालं? दोन-चार वेळा फार तर. २०१४ ला मॉयसनं जे काम केलं नाही म्हणून आपण त्याला नापास केलं, त्याच कामात आपण २०२५ ला परत नापास झालो, फक्त ह्यावेळी पेपर त्यानं काढला होता. मला तरी सोमवारचं दुखणं हे दिसतंय, आणि तुम्ही सगळे सूड, लाज, इज्जत ह्यावरच बोलताय.

आता जे म्हणायलेत की वेळ द्यायला पाहिजे होता, विशेषतः आमचे ते चाळिशीतले दादा लोक, ज्यांनी केबलवर गिग्ज-बेकहॅम बघितलेत आणि ज्यांचा मान ठेवूनच बोलतोय. दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे. त्याला मिळालेली टीम म्हातारी होती, फर्डिनंड, विडिच, एव्हरा संपत आलेले, गिग्ज चाळिशीला टेकलेला. फर्ग्युसन गेला त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलपण गेला, म्हणजे वर्षानुवर्षे खरेदी-विक्री बघणारा माणूसच नाही, आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत फेलायनी उचलला, तोसुद्धा एव्हर्टनचाच. स्वतः फर्ग्युसननं मे २०१३ ला माईक हातात घेऊन सांगितलं होतं की नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं, आणि मार्च २०१४ ला काही पब्लिकनं वर्गणी काढून ग्राउंडवरनं त्याला हाकला म्हणून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, ती मॅच आपण चार-एकनं जिंकलो होतो ते वेगळंच. हे सगळं खरं. पण उरलेलं निम्मं पण बघा ना. आधीच्या वर्षी अकरा पॉईंटच्या फरकानं चॅम्पियन झालेली टीम सातवी आली. वेस्ट ब्रॉम, न्यूकॅसल, स्वान्सी, ज्यांना ओल्ड ट्रॅफर्डला कित्येक वर्षं जिंकता येत नव्हतं ते सगळे येऊन जिंकून गेले. सिटी आणि लिव्हरपूल दोघांकडनं घरीपण हरलो, बाहेरपण हरलो. आणि जो कोचिंग स्टाफ जिंकत आलेला होता तो जाऊन एव्हर्टनची माणसं आली, तो त्याचा स्वतःचा निर्णय. तेव्हा वेळ दिला असता तर काय झालं असतं हे कोणालाच सांगता येणार नाही, पण चिन्हं काय चांगली नव्हती.

मग तो वाईट मॅनेजर का? अजिबात नाही. २०२३ ला वेस्ट हॅमला कॉन्फरन्स लीग जिंकून दिली त्यानं, प्रागला, बोवेनचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल. कोलमनला साठ हजार पाऊंडात आणला होता त्यानं २००९ ला, साठ हजार, आणि तो गडी सोळा वर्षांनी अजून त्यांचा कॅप्टन आहे. ह्या जानेवारीत एव्हर्टनला परत आला तेव्हा खाली जायची भीती होती, बघता बघता टीम सावरली. त्याला कमी पैशात, मागं राहून, दात-ओठ खाऊन खेळणारी टीम बांधता येते. दहा जणांनी तासभर बॉक्स राखायचा असेल तर त्याच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. आपल्याकडं नेमकं उलटं काम असतं, समोरचा दार लावून बसलेला असतो आणि ते आपण उघडायचं असतं. तो आपल्यासाठी चुकीचा होता आणि त्यांच्यासाठी बरोबर आहे, ही दोन्ही वाक्यं एका माणसाच्या तोंडात राहू शकतात, त्यासाठी दोन पार्ट्या करून भांडायची गरज नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर चेल्सीवाल्यांना विचारा. २०१० ला त्यांचा जुना मॅनेजर मोरिन्यो इंटरला घेऊन आला, मिलानमध्ये दोन-एक, मग स्टॅमफर्ड ब्रिजवर एक-शून्य, एटोचा गोल, चेल्सी चॅम्पियन्स लीगमधनं बाहेर. तेव्हापण अशीच रडारड झाली असणार. आणि त्याच सीझनला अँचेलोटीच्या त्याच चेल्सीनं लीगपण मारली आणि एफए कपपण. जुन्या मॅनेजरकडनं हरलात म्हणून घर बुडत नाही. उलटंपण तेच, २०१६ ला मोरिन्यो आपल्याला घेऊन स्टॅमफर्ड ब्रिजवर गेला, पहिल्याच मिनिटाला पेद्रोचा गोल आणि शेवटी चार-शून्य. त्याला तिथला कोपरान् कोपरा माहीत होता, काय उपयोग झाला?

लांब कशाला, कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जावा एकदा सीझनमध्ये. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, सगळ्या पेठांच्या तालमी. गेल्या वर्षी ह्या तालमीकडनं खेळलेला पोरगा यंदा त्या तालमीचा शर्ट घालून उतरतो, आणि त्यानं जुन्या टीमला गोल मारला की गॅलरीतनं ज्या शिव्या पडतात त्या इथं लिहिता येणार नाहीत. पण मॅच सुटल्यावर तीच पब्लिक चालत जाताना काय बोलते ते ऐका. डाव्या बॅकनं आत यायलाच नको होतं. सेकंड बॉलला कोणीच नव्हतं. हे बोलतात ते. आपण मिरज-सांगलीवाले स्वतःला फुटबॉल कळणारे समजतो ना, मग जरा तसं बोलू.

दुसरी पार्टी, आपल्या मॅनेजरला, अमोरिमला हाकलावाले. ह्यात पोरं जास्त आहेत, आणि त्यांचा राग मला कळतो. समोर दहा माणसं, पुढं एकटा स्ट्रायकर, आणि त्याच्यावर पहारा द्यायला आपण पहिला हाफभर तीन सेंटरबॅक ठेवले. तीन! एकाला तीन कशाला रे बाबा, एक काढ आणि मिडफिल्डला माणूस घाल, हे आमच्या टर्फवरचा दहावीतला पोरगा सांगेल. इथं अमोरिमचं चुकलंच आणि ते मी चुकलंच म्हणणार, सिस्टिमवर प्रेम किती करायचं ह्यालाही मर्यादा असते. गेल्या सीझनला ह्याच हट्टापायी पंधरावे आलो, बिल्बाओला टॉटनहॅमकडनं युरोपा लीगची फायनल हरलो, यंदाच्या ऑगस्टमध्ये छोट्याशा ग्रिम्सबीकडनं पेनल्टीवर बारा-अकरानं हरलो, ते मी विसरलेलो नाही. पण एव्हर्टनच्या आधी पाच मॅच हरलो नव्हतो हेसुद्धा विसरू नका. ॲनफिल्डला जाऊन लिव्हरपूलला हरवलं, ऑक्टोबरचा मॅनेजर ऑफ द मंथ त्यालाच मिळाला, तेव्हा तुम्हीच स्टेटसला त्याचे फोटो ठेवले होते. आपले कुन्हा आणि शेश्को दोघं दुखापतीनं बाहेर होते, म्हणजे दार फोडायला जी दोन हत्यारं होती तीच घरी. हे सगळं धरून मग ठरवा काढायचा का ठेवायचा.

मॉयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, आणि आता अमोरिम. मधले हंगामी वेगळेच. अमोरिम सोडला तर ह्यातल्या प्रत्येकाला काढताना आपण म्हणालो की आता सुटलो. कप मिळाले अधनंमधनं, नाही म्हणत नाही, पण २०१३ नंतर लीग नाही. आणि दर वेळेला नवा मॅनेजर, त्याची नवी सिस्टिम, त्याच्या पसंतीचे नवे खेळाडू, मग तो गेला की त्याचे खेळाडू पुढच्याच्या गळ्यात. पुढचा म्हणतो मला विंगर नको विंगबॅक पाहिजे. ग्लेझर २००५ पासून मालक आहेत, २०२४ पासून फुटबॉलचा कारभार रॅटक्लिफकडं आलाय, त्यांना विचारायचा प्रश्न हा आहे की बंद डिफेन्स उघडणारा खेळाडू तुम्ही कोणत्या मॅनेजरसाठी नाही तर क्लबसाठी म्हणून कधी घेणार? तो प्रश्न आपण कट्ट्यावर तरी विचारतो का? नाही. आपण विचारतो मॉयस हसला का.

हां, हसला असेल. मॅचनंतर त्यानं वर सांगितलं की आपले खेळाडू एकमेकांशी भांडतात हे त्याला बरंच वाटतं, त्यांना जिंकायची आग आहे म्हणून. ह्याच्यावर मला तरी हसू आलं बुवा. आणि त्याला हसायचा हक्क आहे, द चोझन वन, म्हणजे निवडलेला तोच, असा बॅनर लावून ज्याला डोक्यावर घेतला आणि दहा महिन्यांत रस्त्यावर आणला, त्या माणसाला साठी ओलांडल्यावर ही रात्र मिळाली तर मिळू दे की. तेवढ्यानं आपलं काय जात नाही.

आपल्या भांडणात मधे नाक खुपसणाऱ्या लिव्हरपूलवाल्यांना एवढंच, की तुम्ही त्याच्या आदल्या शनिवारी ॲनफिल्डवर फॉरेस्टकडनं तीन-शून्य हरलाय, तेसुद्धा अकराच्या अकरा माणसं शाबूत असताना. आर्सेनलवाल्यांनी मे महिन्यापर्यंत थांबावं, २००४ पासून थांबलाच आहात, अजून सहा महिन्यांनी काय फरक पडतो.

तर मंडळी, येत्या रविवारी, ३० तारखेला, क्रिस्टल पॅलेस. त्यांच्या ग्राउंडवर. नशिबानं आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचची वेळ आहे, त्यामुळं झोपेचं कारण चालणार नाही. पॅलेस पण मागं राहून काउंटर मारणारीच टीम, त्यांच्या मॅनेजरनं, ग्लासनरनं ह्याच पद्धतीनं मे महिन्यात सिटीला हरवून एफए कप नेलाय. म्हणजे परत तोच पेपर. मी सांगतो काय बघायचं ते. क्रॉस किती पडायलेत आणि कुठनं पडायलेत, अर्ध्या मैदानातनं का गोललाईनवरनं. अमोरिम मिडफिल्डमध्ये कोबी मेनूला कधी उतरवतोय, उतरवलं तर त्याच्या पायातनं पास मधनं जायलेत का परत बाजूलाच. आणि पुढं आपल्या एम्ब्यूमोला बॉल पाठमोरा मिळतोय का तोंड गोलकडं असताना. एवढ्यावर भांडा, मी पण भांडतो तुमच्याशी, हौसेनं भांडतो. एव्हर्टनला परत फेब्रुवारीत भेटणारच आहे, त्यांच्या नव्या स्टेडियमवर, मॉयसचं काय ते तेव्हा बोलू.

किकऑफ साडेपाचला आहे, पाचला या. हाफटाईमला उगवून कोण जिंकायलंय म्हणून विचारू नका, आणि येताना बाकीच्यांसाठी पण खायला आणा, दर वेळेला भडंग एकाच घरातनं यायची काय गरज नाही.

तुमच्यातलाच एक,
विश्रामबाग, सांगली